काबो सान लुकासजवळ अस्सल इटालियन जेवण कुठे मिळेल?

आपण विचारले आहे की डिसेंबरच्या अखेरीस आठवडाभर मेक्सिकोतील काबो सान लुकासला मुक्काम आहे, सोबत आई-वडील आहेत, आई शाकाहारी आहेत, वडिलांना मासळी प्रिय आहे, आणि निदान एक जेवण तरी रिसॉर्टच्या आवाराबाहेर, खऱ्या इटालियन पद्धतीचे व्हावे अशी इच्छा आहे. माझे उत्तर असे की काबो सान लुकासमध्ये शोधत बसू नये. तेथून उत्तरेला सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर तोदोस सांतोस नावाचे गाव आहे, त्या गावाच्या चौकात ‘काफे सांता फे’ नावाची खानावळ आहे, तेथे जावे. आणि रात्री नव्हे, दुपारच्या जेवणाला जावे.

हे सांगण्याचा माझा अधिकार एवढाच की पुण्यातील मोटारउद्योगात नोकरी करीत असताना कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षे इटलीतील तुरिनला राहिलो, आणि आता बरीच वर्षे अमेरिकेतील सान दिएगोत असल्यामुळे बाहा कॅलिफोर्नियाचे द्वीपकल्प (काबो सान लुकास त्याच्याच दक्षिण टोकाला आहे) मला घरच्या अंगणासारखे झाले आहे. तोदोस सांतोसला मी तीनदा गेलो आहे आणि तिन्ही वेळा याच ठिकाणी जेवलो आहे. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर इटालियन लोकांची याहून मोठी वस्ती प्लाया देल कार्मेनला आणि वाहाका राज्यातील पुएर्तो एस्कोंदिदोला आहे, परंतु आपला मार्ग तिकडचा नाही.

एवढ्याशा गावात इटालियन खानावळ कशी, हा प्रश्न मलाही पहिल्या भेटीत पडला होता. तोदोस सांतोस हे एके काळी उसाचे गाव होते. एकोणिसाव्या शतकात येथे साखरेची गुऱ्हाळे जोरात चालत आणि गावातील जाड भिंतींची, उंच छताची जुनी घरे त्याच पैशातून उभी राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला गावाला पाणी पुरवणारे झरे आटले, ऊस गेला आणि गाव ओस पडल्यासारखे झाले. 1980 च्या दशकात झऱ्यांना पुन्हा पाणी आले आणि त्याच सुमारास काबो सान लुकासहून येणारा 19 क्रमांकाचा महामार्ग पक्का झाला. मग स्वस्त घरे आणि स्वच्छ उजेड यांच्या ओढीने चित्रकार येऊन राहू लागले. काफे सांता फे 1990 साली एका इटालियन गृहस्थाने आपल्या पत्नीसह सुरू केले, ते या वातावरणात. म्हणजे ही खानावळ पर्यटकांचा लोंढा पाहून काढलेली नाही, लोंढा तिच्यानंतर आला. 2006 साली गावाला मेक्सिको सरकारचा ‘पुएब्लो माहिको’, म्हणजे जादुई गाव, हा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून गर्दी व दर दोन्ही वाढले आहेत, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आता ‘अस्सल’ या शब्दाविषयी. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. काबो सान लुकासमधील एका मोठ्या हॉटेलात (नाव घेत नाही) मी कार्बोनारा मागवला, तेव्हा समोर आला तो सायीच्या पांढऱ्या रश्शात बुडालेला शेवयांचा गोळा, वर कोंबडीचे तुकडे आणि बाजूला लसूण लावलेला लोणीदार पाव. रोममध्ये कार्बोनाऱ्यात साय घालत नाहीत. अंड्याचे बलक, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचे खारवलेले मांस आणि काळी मिरी एवढ्यावर तो पदार्थ उभा असतो, आणि त्याचा दाटपणा येतो तो पास्ता शिजवलेल्या पाण्याच्या दोन-तीन पळ्यांमुळे. तेव्हा साय ही पहिली खूण समजावी. दुसरी खूण म्हणजे पदार्थांच्या यादीची लांबी: ज्या यादीत साठ पदार्थ असतात, त्या स्वयंपाकघरात शीतकपाट मोठे असते, असे तुरिनमधील माझी घरमालकीण म्हणत असे. तिसरी खूण समुद्रकाठी विशेष उपयोगी पडते. मासळीच्या पास्त्यावर चीज किसून घालण्याची इटालियन स्वयंपाकात सहसा रीत नाही, त्यामुळे कोळंबीच्या ताटलीवर वाढपी न विचारता खवणी फिरवू लागला तर समजावे की खानावळ गिऱ्हाइकाच्या सवयीवर चालते, स्वयंपाक्याच्या समजुतीवर नव्हे.

काफे सांता फेमध्ये माझ्या ताटलीजवळ खवणी घेऊन कोणी आले नाही. तेथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे शेवंडीचे रावियोली, म्हणजे आत सारण भरलेला पास्ता. या किनाऱ्यावरील लॉब्स्टर म्हणजे आपल्या कोकणातील शेवंडीचाच भाऊबंद, मोठ्या नांग्या नसलेला आणि लांब काटेरी मिशांचा. त्यामुळे आपल्या वडिलांना ओळख करून देण्याची गरज पडणार नाही. रावियोलीची परीक्षा मी आवरणावरून करतो. उकडीच्या मोदकाची पारी जाड झाली की सारणाला अर्थ उरत नाही, तसेच येथे आहे. पहिल्या भेटीत मी एक रावियोली काट्याने अर्धे करून पाहिले: कडेला दोन पदर जुळतात तेथेही पीठ कच्चे नव्हते, मध्ये आवरण इतके पातळ होते की आतल्या सारणाची गुलाबी झाक बाहेरून दिसत होती, आणि ताटलीच्या तळाशी रस्सा होता तो जेमतेम पावाच्या एका तुकड्याने पुसून घेण्यापुरता. तुरिनच्या परिसरात आन्योलोत्ती नावाचे असेच लहान भरलेले पास्ते करतात आणि तेही असेच, रश्शाचा पसारा न मांडता वाढतात. ती ताटली पाहून मला तिकडची रविवारची दुपार आठवली, आणि ज्या जेवणाने अशी आठवण यावी त्याला मी अस्सल म्हणतो, मग त्यातील शेवंड प्रशांत महासागरातील का असेना.

हा मुद्दा थोडा वाढवतो, कारण ‘अस्सल’ म्हणजे सर्व सामान इटलीहून आणलेले असा समज आपल्याकडे रूढ आहे. इटालियन स्वयंपाकाचा खरा नियम उलट आहे: जवळ जे उत्तम पिकते वा सापडते ते घ्यावे आणि त्याच्यावर कमीत कमी संस्कार करावे. त्या दृष्टीने बाहाचा दक्षिण भाग भाग्यवान आहे. या भागातील लहान शेतकरी 1980 च्या दशकापासून सेंद्रिय तुळस (अर्थात इटालियन बेझिल, आपली वृंदावनातली नव्हे) आणि चेरी टोमॅटो पिकवून अमेरिकेला पाठवीत आले आहेत. हिवाळ्यात सान दिएगोच्या दुकानात मी जो टोमॅटो विकत घेतो, तो बरेचदा आपण ज्या रस्त्याने जाणार आहात त्याच भागातला असतो. समुद्र तर दारातच आहे. सिएरा नावाचा मासा सुरमईच्या कुळातला, ऊवाचिनांगो म्हणजे आपल्या तांबोशीचा नातेवाईक. ‘आजचा मासा कोणता’ एवढे विचारून तो साधा भाजून, लिंबू आणि ऑलिव्ह तेलासह मागवावा.

वाइन घेणार असाल तर इटलीची बाटली मागवू नका, असे सुचवीन. द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला एन्सेनादाजवळ ग्वादालुपे खोरे आहे, मेक्सिकोतील बहुतेक वाइन तेथे होते. तेथील एल. ए. चेत्तो ही जुनी वाइनरी 1928 साली इटलीतील त्रेंतोहून आलेल्या एका स्थलांतरिताने उभी केली आणि तिचा नेब्बिओलो नावाजलेला आहे. नेब्बिओलो हे तुरिनच्या दक्षिणेकडील टेकड्यांवरचे द्राक्ष, बारोलो ही तिकडची नामांकित वाइन त्याचीच होते. बाहाच्या उन्हात त्याचा स्वभाव अधिक मोकळा, अधिक फळाळ होतो. मला मूळचा अधिक आवडतो, पण इथल्या जेवणाबरोबर इथलाच शोभतो. मासळीबरोबर अर्थात पांढरी वाइन घ्यावी.

सीझर सॅलडची गोष्टही येथेच सांगतो, कारण आपल्या आईंसाठी कोणीतरी ते सुचवणारच. हे सॅलड इटलीचे नव्हे, याच द्वीपकल्पातील तिहुआनाचे. तेथे खानावळ चालवणाऱ्या सीझर कार्दिनी या इटालियन माणसाच्या नावाने ते 1924 पासून सांगितले जाते. नाव पाल्याचे असले तरी त्यात अंडे असते आणि हल्ली बहुतेक ठिकाणी अँचोव्ही ही खारवलेली मासळीही असते, त्यामुळे शाकाहारी माणसाने ते सरळ टाळावे.

आईंच्या जेवणाची काळजी घेणे अवघड नाही, पण ‘वेहेतारियानो’ (शाकाहारी) हा एक शब्द पुरेसा समजू नये. मेक्सिकोत ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस वा डुकराचे मांस, त्यामुळे ‘सिन कार्ने’ म्हटल्यावर कोणी निर्मळ मनाने कोंबडी वाढली तर त्याचा दोष नसतो. आमच्या एका मावशींवर सान होसे देल काबोमध्ये हा प्रसंग ओढवला होता आणि उरलेले जेवण त्यांनी टॉर्टिया आणि लिंबू यांवर काढले. म्हणून पूर्ण वाक्य म्हणावे: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, नि काल्दो दे पोयो’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासा नको आणि कोंबडीचे पाणीही नको. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण सूप आणि रिसोत्तो हा इटालियन भात बहुधा त्याच पाण्यात शिजतात. टोमॅटो आणि बेझिलचा साधा पास्ता, बागेतील पाल्याचे सॅलड, तेलात परतलेल्या भाज्या एवढे सांगितले तर इटालियन स्वयंपाकी आनंदाने करून देतो, आणि खरे तर त्याची परीक्षा त्या साध्या पास्त्यातच होते. पार्मेजान चीज वासराच्या जठरातील विकर वापरून केलेले असते, तेव्हा आई त्या बाबतीतही काटेकोर असतील तर ‘सिन केसो’ एवढे जोडावे.

दुपारी जाण्याचा आग्रह मी का धरतो, त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण जेवणाच्या आधीचे. गावाच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर पुंता लोबोस नावाचा किनारा आहे. तेथे धक्का नाही, बंदर नाही. कोळ्यांच्या ‘पांगा’ नावाच्या लांबट होड्या दुपारी परततात तेव्हा नावाडी लाटांच्या रांगेबाहेर यंत्र मंद ठेवून थांबतो, मागे वळून लाटा मोजत राहतो, आणि मग एका मोठ्या लाटेच्या पाठीवर यंत्र पूर्ण वेगात सोडून सरळ वाळूवर होडी चढवतो. होडी वाळूत घसरत वीस-तीस पावले वर येते, पेलिकन पक्षी धावत येतात आणि होडीच्या काठावरच मासे कापणे सुरू होते. आपल्या वडिलांना हे पाहायला आवडेल, असे मला वाटते. साडेबाराच्या सुमारास तेथे पोहोचावे, तासभर थांबावे आणि दोन वाजता जेवायला बसावे. मेक्सिकोतील दुपारच्या मुख्य जेवणाची वेळही तीच आहे. त्या किनाऱ्यावर पाण्यात मात्र कोणी उतरू नये, लाट ओढून नेणारी आहे.

खानावळीत बसताना आतील अंगणातील बागेजवळचे टेबल मागावे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा ऐन गर्दीचा असल्यामुळे जागा आठवडाभर आधी राखून ठेवावी आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करून खात्री करावी, कारण मी गेलो त्या काळात मंगळवारी सुट्टी असे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वादळांच्या दिवसांत, गावातील पुष्कळ खानावळी बंद असतात, पण तो प्रश्न आपल्याला नाही. दर काबो सान लुकासच्या चांगल्या हॉटेलांच्या तोडीचे आहेत, स्वस्त जेवणाची अपेक्षा ठेवू नये. मेक्सिकोत यादीतील किमतीत कर धरलेला असतो, बक्षिशी सहसा धरलेली नसते. दहा ते पंधरा टक्के ठेवण्याची रीत आहे.

दुसरे कारण परतीच्या रस्त्याचे. महामार्ग रुंद आणि चांगला आहे, पण बाहात गुरे मोकळी फिरतात आणि थंडीच्या रात्री ती डांबराच्या उबेला रस्त्यावर येऊन बसतात. डिसेंबरअखेरीस तेथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. आपण मागितल्याशिवाय वाढपी बिल आणणार नाही, ते तेथे असभ्य समजले जाते, त्यामुळे चारच्या सुमारास ‘ला कुएन्ता, पोर फाव्होर’ असे आपणच म्हणावे, म्हणजे उजेड असतानाच परत पोहोचाल.