केफेब म्हणजे नुरा कुस्ती नव्हे

प्रश्न असा आला आहे: "आम्ही सहा जणांनी मिळून ऑनलाइन ई-फेड, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या कुस्तीचा लिहून खेळायचा खेळ, सुरू करायचं ठरवलंय. प्रत्येकाने एक पैलवान घडवायचा आणि त्याच्या तोंडून लिहायचं, सगळं मराठीतून. नियम लिहिताना 'केफेब' (ठरवून केलेली कुस्ती खरीच आहे असं भासवत राहणं) या शब्दापाशी अडलो. 'नुरा कुस्ती' म्हटलं तर चालेल का?"

माझं मत: नको. नुरा हा तालमीतला फार कडवट शब्द आहे. दोघांनी आधीच निकाल ठरवून घेतला, मैदानाला मात्र पत्ता लागू दिला नाही, तर ती नुरा. कोल्हापूरच्या खासबागेत माणूस निकाली कुस्ती बघायला जातो. तिथे नुरा निघाली तर त्याची सरळसरळ फसवणूक होते. राजकारणातल्या लटक्या भांडणाला वर्तमानपत्रं 'नुरा कुस्ती' म्हणतात, तेही याच अर्थाने.

केफेबचा जन्मही लपवाछपवीतूनच झाला, हे खरं. अमेरिकेतल्या जत्रांमधून फिरणाऱ्या पैलवानांचा हा सांकेतिक शब्द. 'फेक' शब्दाची अक्षरं उलटसुलट करून तो बनवला असं सांगतात, पण त्याला पुरावा नाही. आखाड्यातले वैरी बाहेरही वैरीच दिसले पाहिजेत, हा त्याचा दंडक. 1987 साली न्यू जर्सीत आयर्न शेख आणि जिम डगन हे कट्टर 'शत्रू' एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले, तेव्हा बोभाटा झाला तो या दंडकामुळे. पुढे 1989 मध्ये तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीने (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) त्याच राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं, की आमचा खेळ म्हणजे करमणूक आहे. क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटका हवी होती, म्हणून. आता सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, तरीही लिहिणारा आणि वाचणारा मिळून ते खरं मानतात. ई-फेडमधलं केफेब हे असं उघड आहे, त्यात कुणी कुणाला फसवत नाही.

यासाठी मराठीत एक जुना, अस्सल शब्द आहे: सोंग. हिंदीतलं स्वांग हे त्याचंच भावंड. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवादानवांचे मुखवटे चढवून सोंगं नाचतात. मुखवट्याआड गावातलाच कुणीतरी आहे हे गावाला माहीत असतं, तरी सोंगापुढे हात जोडले जातात. 'सोंग करतोय' म्हटलं की शब्दाला ढोंगाचा वास येतो, हे मान्य. पण 'सोंग छान वठवलं' ही मनापासून दिलेली दाद असते. म्हणून क्रियापदं जपून निवडा: सोंग घेणं, वठवणं, सांभाळणं, मोडणं. नियम इतकाच लिहा: "सोंग सांभाळा, पात्राबाहेरचं बोलायचं असेल तर वेगळ्या ठिकाणी बोला." गिमिकलाही, म्हणजे पैलवानाने घेतलेल्या ठरावीक रूपालाही, सोंगच म्हणा.

प्रोमोसाठी, म्हणजे सामन्याआधी पैलवान प्रतिस्पर्ध्याला उद्देशून जे बोलतो त्यासाठी, मला सवाल-जवाब हा शब्द फार आवडतो. बऱ्याच ई-फेडमध्ये सामन्याआधी दोघंही आपापल्या पैलवानाचा मजकूर ठरल्या मुदतीत देतात आणि ज्याचं लेखन सरस त्याला विजय मिळतो. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर हेच तर करत आले! समोरच्याने टाकलेला सवाल उचलायचा, त्याला उत्तर द्यायचं आणि वर आपला नवा टाकायचा. नवखे लेखक इथेच चुकतात. "तुला चिरडून टाकीन" हे दहा वेळा लिहितात, आणि प्रतिस्पर्ध्याने काय लिहिलंय ते वाचतच नाहीत. तुमचा पैलवान कुठल्या गावचा, तालमीत कुणाच्या हाताखाली घडला, कोणती हार त्याला झोपू देत नाही, एवढं आधी ठरवा. मग त्याची भाषा आपोआप सापडेल. शड्डू ठोकणारा गडी आणि मायक्रोफोन घेऊन मिरवणारा गडी एकसारखं बोलणार नाहीत.

हील (दुष्ट पैलवान) आणि फेस (सज्जन पैलवान) हे शब्द तसेच राहू द्या. 'खलनायक' म्हटलं की सिनेमा आठवतो, आणि फेस हा 'बेबीफेस'चा तुकडा आहे, त्याचं भाषांतर जमत नाही. फेसचा हील झाला की 'पलटला' म्हणा, सगळ्यांना कळतं.

'जॉब करणं' मात्र मराठीत आणू नका. दुसऱ्याला मोठं करण्यासाठी आपण हरायचं, असा त्याचा अर्थ; आपल्याकडे "तो जॉब करतो" म्हणजे नोकरी करतो. तालमीचा शब्द आहेच: पडणं. "या आठवड्यात मी पडतो" एवढं पुरे. हे वाक्य प्रत्येकाने अधूनमधून म्हणावं लागेल, कारण सहाही जणांना जिंकायचंच असेल तर कथा पुढे सरकणार नाही. तसंच दुसऱ्याच्या पैलवानाला त्याच्या परवानगीशिवाय जखमी करायचं नाही, की त्याच्या तोंडी वाक्यं घालायची नाहीत. या दोषाला इंग्रजीत 'गॉडमोडिंग' म्हणतात. मी तुमच्या जागी असते तर नियमात साध्या मराठीत लिहिलं असतं: "दुसऱ्याचं सोंग आपण नाचवू नये."

डावांची नावं तर मराठीत तयारच आहेत: ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट, धोबीपछाड. फिनिशरचं, म्हणजे सामना संपवणाऱ्या खास डावाचं, नाव इंग्रजीत शोधत बसण्याआधी जवळच्या तालमीत एक संध्याकाळ जाऊन बसा आणि वस्ताद काय ओरडतात ते कान देऊन ऐका.