सूर्यफुलांचे फोटो काढायला पहिल्यांदाच जाताय तर

आधी दिशा बघून घ्या. पूर्ण उमललेली सूर्यफुलं सूर्यामागे फिरत नाहीत, पूर्वेकडेच तोंड करून उभी असतात. फिरतात त्या कोवळ्या कळ्या. म्हणून सकाळी सूर्य पाठीशी घेतलात की सगळं शेत तुमच्याकडे बघतं. संध्याकाळी त्याच जागेवरून बघा, प्रकाश फुलांच्या मागून येतो आणि पाकळ्या आतून उजळल्यासारख्या दिसतात. मला तर हीच वेळ जास्त आवडते.

पिवळा रंग फार पटकन फटफटतो, पाकळ्यांवरच्या रेघाच नाहीशा होतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). जास्त परिसर टिपणाऱ्या वाइड लेन्सने शेत विरळ वाटतं. १३५ किंवा २०० मिमीच्या, दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने फुलं दाटून येतात. ओळींत मात्र शिरू नका, रोपं मोडतात. पायवाटेवरूनच, जरा उंच जागा मिळाली तर उत्तम.