वाचक विचारतात: फोर्स्कोलिन शेतातले की प्रयोगशाळेतले?

प्रश्न: कोलियसच्या मुळांतले फोर्स्कोलिन प्रयोगशाळेतही बनवता येते, असे वाचले. मग त्यासाठी शेती कशाला करायची? आणि निसर्गाने तयार दिलेल्या रेणूत रसायनशास्त्रज्ञ फेरफार तरी का करतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर: फोर्स्कोलिन हे डायटर्पीन आहे; म्हणजे पाच-पाच कार्बनचे चार तुकडे जोडून वनस्पतीने रचलेला वीस कार्बनचा सांगाडा त्याच्या मुळाशी असतो. त्याची रचना हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या मुलुंडमधील संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच वनस्पतीतून काढलेले ‘कोलिओनॉल’ आधी वेगळे मानले गेले, पण पुढे दोन्ही एकच निघाले.

संपूर्ण संश्लेषण, म्हणजे साध्या रसायनांपासून पूर्ण रेणू घडवणे, १९८७-८८ मध्ये अमेरिका आणि जपानमध्ये साधले, हे खरे. मात्र या रेणूत आठ कार्बन असे आहेत की त्यांच्यावरील गटांची डावी-उजवी मांडणी अचूक यावी लागते, आणि त्यासाठी पायऱ्या वाढतात. प्रत्येक पायरीवर ८० टक्के माल हाती लागला, तरी वीस पायऱ्यांनंतर जेमतेम एक टक्का उरतो. मूळ खणणे स्वस्त पडते ते यामुळेच.

फेरफाराचे कारण वेगळे आहे. फोर्स्कोलिन अॅडेनिलिल सायक्लेज या विकराला थेट चालना देते, त्यामुळे हृदयाचे आकुंचन जोमदार होते. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग शिरेतून द्यायचे कसे? पहिल्या व नवव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल (OH) गटांना हात लावता येत नाही, कारण ते दोन्ही काढलेला रेणू या विकरापुढे निष्प्रभ ठरतो. मोकळीक उरते ती सहाव्या आणि सातव्या जागी. तिथेही गंमत आहे: नवा अॅसिल गट (आम्लापासून आलेला तुकडा) आधी सातव्या जागीच बसू पाहतो, आणि आम्लारी दिल्यावर शेजारच्या सहाव्या जागी बिऱ्हाड हलवतो. सहाव्या जागी अमाइन (नायट्रोजनयुक्त गट) असलेली साखळी बसवून तिचा हायड्रोक्लोराइड क्षार केला की रेणू पाण्यात विरघळतो. हेच कोलफोर्सिन डॅरोपेट नावाचे औषध. तीव्र हृदयनिष्क्रियतेसाठी ते जपानमध्ये १९९९ पासून वापरात आले.

वजन घटवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये मात्र हा क्षार नव्हे, तर मुळांचा अर्क असतो. फोर्स्कोलिनने रक्तदाब उतरतो, म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये.