पल्स संपते, मग सिलिकॉन वितळतं

प्रश्न : 800 नॅनोमीटर, 100 फेमटोसेकंदांच्या लेझर पल्सने (क्षणिक झोताने) सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) ठिपके पाडतो आहे. सूक्ष्मदर्शकाखाली खड्ड्याभोवती उजळ कडं दिसतं. व्यास कशाचा मोजायचा? थ्रेशोल्डही (खूण उमटायला लागणारी किमान ऊर्जा) दर वेळी वेगळा येतो.
– एम.एस्सी.चा विद्यार्थी, कालिना, मुंबई

उत्तर : दोन्ही व्यास मोजा, पण वेगळ्या रकान्यांत लिहा. ती दोन निराळी प्रकरणं आहेत.

100 फेमटोसेकंदांत प्रकाश जेमतेम 0.03 मिलिमीटर जातो. तेवढ्यात ऊर्जा मिळते ती फक्त इलेक्ट्रॉनांना. ती अणूंच्या जाळीत उतरायला पिकोसेकंद (एक म्हणजे 1000 फेमटोसेकंद) लागतात, म्हणजे तोवर पल्स निघून गेलेली असते. मधोमध, जिथे ऊर्जा जास्त, तिथला माल उडून जातो. कडेला पातळ थर नुसता वितळतो आणि इतक्या झपाट्याने थिजतो, की अणूंना आपापल्या जागी परतायला सवड मिळत नाही. हा अमॉर्फस सिलिकॉन जास्त प्रकाश परत फेकतो. तेच तुमचं उजळ कडं. 111 वेफरवर ते 100 वेफरपेक्षा सहज उमटतं (हे आकडे स्फटिक कुठल्या दिशेने कापलाय ते सांगतात), म्हणून डबीवरचं लेबल एकदा वाचाच.

आता थ्रेशोल्ड. ऊर्जा टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक ऊर्जेला पाच ठिपके पाडा. व्यासाचा वर्ग उभ्या अक्षावर, ऊर्जेचा लॉगॅरिदम (नॅचरल) आडव्या अक्षावर. रेषा सरळ यायला हवी. तिचा चढ म्हणजे बीमच्या त्रिज्येच्या वर्गाची दुप्पट, आणि ती आडव्या अक्षाला जिथे छेदते ती थ्रेशोल्ड ऊर्जा. त्रिज्या 20 मायक्रॉन असेल तर चढ 800 चौरस मायक्रॉन. मधल्या बिंदूची फ्लुअन्स (दर क्षेत्रफळाला पडणारी ऊर्जा) काढताना ऊर्जेला 2 ने गुणायला बहुतेक जण विसरतात : 2 मायक्रोजूल असताना ती दर चौरस सेंटिमीटरला 0.32 जूल येते, 0.16 नव्हे.

आकडा हलतो त्याला बहुधा शटर जबाबदार. 1 किलोहर्ट्झवर पल्स दर मिलिसेकंदाला येते आणि मेकॅनिकल शटर उघडून मिटेपर्यंत तीन-चार आत शिरतात. आधीच्या पल्सने दुखावलेली जागा पुढे कमी ऊर्जेतही फुटते. खूण सोपी : खड्ड्यात बारीक समांतर रेघा, तरंगलांबीपेक्षा किंचित कमी अंतराच्या, ध्रुवीकरणाला (प्रकाशाच्या कंपनांच्या दिशेला) काटकोनात. दिसल्या की तो ठिपका बाद. लेझर 10 हर्ट्झवर आणा, नाहीतर स्टेज (वेफर ठेवायचा सरकता मंच) सेकंदाला 100 मिलिमीटर पळवा. ठिपके 100 मायक्रॉनांवर सुटे पडतील.

वेफर ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन नायट्रोजनने वाळवा. आणि जुलैत एसी खोलीतली डबी बाहेरच्या व्हरांड्यात उघडू नका, थंड वेफरवर लगेच दव धरतं.

प्रश्न : जाड लेन्सने पल्स लांबते का?
– एक वाचक, दादर

उत्तर : 10 मिलिमीटर बीके-7 काचेतून 100 फेमटोसेकंदांची पल्स जेमतेम 1 टक्का लांबते. 30 ची मात्र 51 होते. तिथे आरसाच वापरा.