हाडाचा कर्करोग, एन्झाइम आणि दाह

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याला गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा झाला असून केमोथेरपी सुरू आहे. एन्झाइम आणि दाह यांमुळे हा रोग पसरतो, असे वाचले. मग दाह कमी करणाऱ्या गोळ्या दिल्यास प्रसार थांबेल का?

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आहे, मात्र अशी गोळी त्याला परस्पर देऊ नका. कारण शेवटी सांगतो.

कर्कपेशीला जागा सोडायची तर भोवतीच्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या जाळ्यातून वाट काढावी लागते. हे जाळे तोडणारे प्राण्यांमधील पहिले एन्झाइम १९६२ मध्ये सापडले ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत : शेपटीचा तुकडा कोलॅजेनच्या थरावर ठेवला, तेव्हा त्याच्याभोवतीचा थर विरघळत गेला. पिल्लाची शेपटी विरून नाहीशी होते, त्यात याचा वाटा असतो. आपल्या शरीरातही या गटातील एन्झाइम जखम भरताना, हाडाची झीज भरून निघताना कामी येतात आणि एरवी त्यांना आवर घालणारी प्रथिने सोबत असतात. गाठीत हा आवर सुटतो. रक्तवाहिनीचे अस्तर पोखरले जाते आणि पेशी रक्तावाटे बहुधा प्रथम फुफ्फुसात पोहोचतात.

दाहाचे संकेत याला हातभार लावतात. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ यांसारखी प्रथिने ही एन्झाइम अधिक प्रमाणात तयार करवतात, शिवाय हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींनाही चेतवतात. या पेशी आम्ल आणि कॅथेप्सिन-के सोडून हाड विरघळवतात, तेव्हा हाडात साठलेले वाढीचे घटक मोकळे होऊन गाठीलाच पोसतात.

मग एन्झाइमच रोखले तर? १९९० च्या दशकात विविध कर्करोगांवर तशी औषधे वापरून पाहिली गेली. अपेक्षित लाभ झाला नाही, उलट अनेकांचे सांधे दुखू लागले. या गटातील काही एन्झाइम गाठीला रोखतातही, हे पुढे ध्यानात आले.

आता गोळ्यांविषयी. ऑस्टिओसार्कोमात बहुधा मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचे औषध मोठ्या मात्रेत देतात आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दाहशामक गोळ्या हा निचरा मंदावतात, त्यामुळे औषध शरीरात साचून जिवावर बेतू शकते. भाचा सध्या दुखण्यासाठी काही घेत असेल, तर गोळ्यांची पाकिटे घेऊन केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांना आजच दाखवा.