खुर्ची की बैठक?

चिमणे,

व्हिएन्नातल्या लॉबकोविट्स पॅलेच्या, म्हणजे जुन्या सरदारी वाड्याच्या, सभागृहात खुर्च्यांच्या रांगा बघून तू विचारलंस, "आपल्याकडे गाणं खाली बसून का ऐकतात?"

याचं उत्तर जोड्यांपासून सुरू होतं. १६८३ चा तुर्कांचा वेढा उठला आणि व्हिएन्नातले सरदार शहरात मोठी घरं बांधू लागले. त्यातलंच हे एक. १६८५ ते १६८७ मध्ये डीट्रिखश्टाइन घराण्यासाठी तेंकाला या वास्तुकाराने बांधलेलं, पुढे लॉबकोविट्स घराण्याकडे आलेलं. दार एवढं उंच, कारण घोडागाडी थेट आत यायची. पाहुणा उतरला की रुंद जिन्याने जोड्यांसकट वर. तिथल्या फरशीवर कोण बसणार? आपल्या वाड्यात मात्र दिवाणखान्यात शिरण्याआधीच जोडे निघतात. म्हणून आत जाजम, गाद्या, लोड-तक्के.

दुसरं कारण वाद्यांचं. चेलो, म्हणजे मोठं व्हायोलिनसारखं वाद्य, गुडघ्यांत धरून वाजवतात, तो खुर्चीशिवाय जमत नाही. त्याच जातीचा डबल बास तर माणसापेक्षा उंच. तबला-डग्गा मात्र चुंबळीवर, जमिनीवर. तंबोऱ्याचा भोपळाही जमिनीवर किंवा मांडीवर. गायक मधे, उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, मागे तंबोरे. या सगळ्यांच्या पातळीवर ऐकणाराही बसला, की 'वाहवा' थेट पोचते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. गाणं आधी तिकिटावर नव्हतं, यजमानाच्या घरी होतं. संगीतकार बेथोव्हेनची तिसरी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना), 'एरोइका', १८०४ मध्ये राजपुत्र लॉबकोविट्सच्या या घरात खाजगीत वाजली. थिएटरात लोकांसमोर आली ती ७ एप्रिल १८०५ ला. आधी इथे वाजली, म्हणून इथल्या त्या सभागृहाला आज एरोइका सभागृह म्हणतात. आपल्याकडे शनिवारवाड्यात गणपती रंगमहाल होता, तिथेही नाचगाणं व्हायचं. १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला.

आश्रयदात्याचा भरवसा फार धरायचा नसतो, हेही खरं. १८०९ मध्ये तिघा सरदारांनी मिळून बेथोव्हेनला वर्षाला ४००० फ्लोरिन (तिथलं चलन) कबूल केले: आर्चड्यूक (राजघराण्यातला राजपुत्र) रूडॉल्फ १५००, राजपुत्र किन्स्की १८००, लॉबकोविट्स ७००. १८११ मध्ये नोटांची किंमत कोसळली, १८१२ मध्ये किन्स्की घोड्यावरून पडून वारला, आणि लॉबकोविट्स तर कर्जातच बुडाला. ही इमारत १९९१ पासून नाट्यसंग्रहालय आहे, म्हणून तर तुला आणि मला आत जाता येतं!

आता बैठकीला जाशील तेव्हा: मांडी घाल, गायकाकडे पाय पसरू नकोस. पायाला मुंग्या येणारच, म्हणून भिंतीजवळची जागा धर. उठायचंच असलं तर एक राग संपून दुसरा सुरू व्हायच्या आत ऊठ. आलाप चालू असताना जाजमावरून वाकून जाणारं माणूस सगळ्यांना दिसतं.

तुझी,
आई