लॉ कॉलेजमधले कोणते सर अजून आठवतात आणि का? त्यांच्या नोट्स मिळतील का?

एविडन्स, म्हणजे पुराव्याचा कायदा शिकवायचे ते सर. नाव टाकत नाही, त्यांना असलं काही आवडलं नसतं.

सकाळी साडेसातचं लेक्चर, आम्ही निम्मे झोपेत, आणि पहिल्याच दिवशी सर बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक) बाजूला ठेवून विचारतात, शूद्रकाचं संस्कृत नाटक मृच्छकटिक कुणी वाचलंय का? एकाने हात वर केला, त्यानेही देवलांच्या संगीत नाटकातली पदं फक्त ऐकलेली. मग सरांनी नववा अंक लावला. तो सगळा कोर्टातच घडतो. शकार येतो, माझी केस आज घ्या नाहीतर राजाला सांगून तुमची नोकरी घालवतो असा दम न्यायाधीशालाच देतो (राजाचा मेव्हणा ना तो), वसंतसेना या गणिकेचा खून झाला म्हणून सांगताना "मी नाही केला" असं न विचारताच बोलून जातो आणि कारकुनाने लिहून घेतलेलं ते वाक्य पायाने पुसतो. इथे सर थांबायचे. पुसलं, आणि कोर्टात बसलेल्या एकानेही हरकत घेतली नाही!

शकार आळ घेतो तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर. पुढे चारुदत्ताचा मित्र मैत्रेय, त्याच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने पडतात, बागेत कुठल्यातरी बाईचं प्रेत मिळतं, झालं, चारुदत्त दोषी. दागिने तिने त्याच्या पोराच्या मातीच्या गाडीत घातलेले हे प्रेक्षकांना माहीत असतं, कोर्टाला नाही. आणि बाई तर जिवंत असते. न्यायाधीश मनूचा दाखला देऊन म्हणतो ब्राह्मण आहे, फार तर हद्दपार करा, राजा थेट सुळावर पाठवतो.

हे झाल्यावर सर सुप्रीम कोर्टाचा 1984 चा शरद बिरधीचंद सारडा निकाल काढायचे, त्यातली परिस्थितीजन्य पुराव्याची (गुन्हा होताना पाहणारं कुणी नाही, आजूबाजूच्या गोष्टींवरून काढलेला निष्कर्ष) पाच तत्त्वं, आणि एकेक तत्त्व चारुदत्ताच्या केसला लावून बघायला सांगायचे. पहिल्यातच केस पडायची. परीक्षेत मला त्यावरच प्रश्न आला, मी उत्साहात शकार लिहून आलो, मार्क बेताचेच पडले, पेपर तपासणारे दुसरे होते.

रिटायर झाल्यावर भेटायला गेलो तर भिंग धरून शाकुंतल चाललेलं, म्हणाले त्या कोळ्याला पोलीस अंगठीवरून कसे धरतात बघ, अटकेचं कारण तरी सांगतात का नीट.

तुम्ही त्यांच्या नोट्स मागितल्यात, पण ते नोट्स द्यायचेच नाहीत. नववा अंक वाचा, मराठीतून चालेल, आणि लगेच सारडा वाचा. कलमांचे नंबर मात्र जुन्या कायद्यातले धरू नका, जुलै 2024 पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय.